लाउ म्हणजे चार

नंदुरबारहून आलो तेव्हा मी अकराचा.
सलाटवाड्यात, कुमुदबाई शिर्क्यांच्या खानावळीत,
चपात्या उचलायच्या कामाला.
तव्यापाशी एक गोरा माणूस, लुंगीवर, कानामागे पेन्सिल,
भाजता भाजता मोजायचा स्वतःशीच:
बात, बी, हिरू, लाउ.

मला कळायचं इतकंच, की साहेब 'लाव' म्हणाला.
बडोद्यात लाव म्हणजे आण.
म्हणून दर चौथ्या चपातीला मी धावत.
महिनाभर त्याला वाटलं, पोरगा फार हुशार.
महिनाभर मला वाटलं, साहेब फार घाईचा.

बेन्यात त्याचं नाव. बास्क.
स्पेनचा का, असं विचारलं की लाटणं आपटायचा.
मिलची यंत्रं जुळवायला आला, मिल बंद पडली,
महिन्याचा मेंबर म्हणून इथे जेवायला लागला
आणि एका रात्री ताटावरून उठला तो थेट भांडी घासायला.
तेवढंच त्यांचं जुळणं. बाकी कोर्टात सही.

यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या काढून
त्यानं एकच टेबल केलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
वेगळं बसायची सोयच ठेवली नाही.
मधे पातेलं, लसणीतले काबुली चणे, शेजारी वरण,
आपण घ्यायचं, पुढे सरकवायचं.
दंडवतेमास्तर पहिल्या दिवशी
घरचा डाव घेऊन आले, पंचात गुंडाळून.
कुणी काही बोललं नाही.
पुढे कधीतरी तो इथेच विसरले.

पौषात रबारी यायचे मेंढ्या घेऊन, रस्ता भरून.
बेन्यात तवा टाकून बाहेर, चपाती जळतेय,
उंबऱ्यावर उभा, बोट हवेत:
बात, बी, हिरू, लाउ
आणि मी सवयीनं चार चपात्या घेऊन थेट कळपात.

रबारी हसला. मेंढ्या ढुसण्या देत राहिल्या.
बेन्यात हसला नाही.
माझ्या हातातल्या चपात्या त्यानं रबाऱ्याला दिल्या,
एका मेंढीच्या पाठीवर तळवा ठेवला
आणि तिचा वास हाताला लागू दिला, बराच वेळ.
त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.
कुमुदबाईंनी कुणाला तोंड उघडू दिलं नाही.

आता तो फत्तेगंजला, दगडाखाली.
आडनाव कोरताना गवंडी तीनदा चुकला. एचेबेरिया.
नवं घर, असा अर्थ. मला एकदाच सांगितला होता,
कांदा चिरताना,
म्हणजे डोळ्यांचं कारण कुणी विचारणार नाही अशा वेळी.

हजेरीची वही मी लिहितो, कुणाचा किती खाडा.
जुन्या वहीत मेंबरांच्या यादीत त्याचं नाव अजून आहे.
लग्नाच्या महिन्यापासून पैसे भरलेले नाहीत.
खोडू का, विचारलं.
राहू दे बाकी, म्हणाल्या.

तव्यावर रमीला असते हल्ली. एक, बे, त्रण.
पुढचा आकडा यायच्या आत माझा गुडघा उठतो.
मास्तरांचा डाव चण्यांच्या पातेल्यात.