नऊ बिया

दवाखान्याचा कागद स्वयंपाकघरात चिकटवलाय,
मर्गिलानच्या उन्हानं पिवळा पडत चाललेला.
त्यावर लिहिलंय: पुलाव टाळा.
लिहिणारी पोर ताश्कंदची असणार.
गुरुवारी आमच्या गल्लीत कढयांखाली
लाकडं कशी तडतडतात, तिला काय ठाऊक!

मी गाजर वाढवलं, चणे वाढवले,
तांदूळ मुठीमुठीनं कमी केला.
एर्गाश काही बोलला नाही.
फक्त शेवटचा घास
बोटांत बराच वेळ दाबत बसला.

शेजारची ओयदिन चहासोबत खडीसाखर पुढे करते:
"एका खड्यानं काय होतंय?"
तिच्या नवऱ्यालाही ती हेच म्हणायची.

रात्री बोटातून थेंब. यंत्रावर आकडा.
मी त्याच्याकडे बघते, तो छताकडे.

आज धुण्याआधी त्याचा खिसा चाचपला,
तर जर्दाळूच्या बिया.
नऊ. चोखून लख्ख केलेल्या.

भांडायला म्हणून उंबऱ्यापर्यंत गेले,
तो अंगणात झाडाखाली
चपलेनं माती सारखी करत होता.

परत फिरले. बिया फोडल्या,
आतले गर मीठ लावून भाजले
आणि जेवणाआधी त्याच्यासमोर ठेवले.

त्यानं मोजले.
मान वर न करता
चार माझ्याकडे सरकवले.