एक अक्षर जास्त

कोथरूडच्या कुरिअर ऑफिसात रात्री साडेनऊला
पत्ते वाचणारा प्रोग्रॅम लिहितोय, सीमध्ये.
चार एक एक शून्य तीन आठ,
मग स्वल्पविराम.
पिनकोड संपला हे कळायला
पुढचं एक अक्षर वाचावंच लागतं.
ते माझं नसतं.

अनगेटसी.
प्रवाहाच्या तोंडाशी ठेवून देतो परत,
पुढच्या फंक्शनला मिळतं कोरं करकरीत,
कुणाचा हात लागलाच नव्हता जणू.
डिस्कवरच्या फाइलला तर पत्ताच नसतो.
हमी मात्र एकाच अक्षराची.

दुपारी शेळके घरचं सांगत होता.
त्याचं सांगणं कुठं संपलं
ते मला कळलं
एक प्रश्न जास्त विचारल्यावर.

आता तो पावत्यांना रबर लावतोय,
मान खाली.
मी दोन चहा सांगितलेत.
प्रश्न त्याच्याकडेच आहे अजून.