गुन्हेगारी सव्वा रुपया

खांबेटे सरांना फक्त आकडे हवेत.
पाणी किती, हौद किती, दंड किती.
मी मोडी वाचते, पानामागे साठ रुपये,
साडेदहा ते पाच, मधे डबा.

रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग अक्षरं.
शब्दाशब्दांत जागा नाही, सगळं एका दमात,
लिहिणाऱ्यानं बोरू उचललाच नसावा
जेवायची हाक येईपर्यंत.
शाई टिपायला टाकलेली वाळू
अजून चमकते वेलांट्यांच्या पोटात.
दोनशे चाळीस वर्षांत कुणी झटकली नाही.

आजचा कागद चार ओळींचा:
कात्रजच्या नळास रात्री भोक पाडोन पाणी नेले,
धाकू कोष्टी याचे बायकोने.
सबब गुन्हेगारी सव्वा रुपया.
फिरोन ऐसे न करणे म्हणोन ताकीद.

तिचं नाव नाही.
नवऱ्याचं आहे. पहारेकऱ्याचं आहे.
हौदालासुद्धा नाव आहे.

मी म्हटलं, सर, ही बाई...
सर म्हणाले, सव्वा का दीड, ते नीट बघा.
वाईट नाहीत ते. चहा पाजतात.
म्हणतात, तुम्ही फार आत शिरता,
वाचावं आणि पुढं व्हावं.

संध्याकाळी आंबेगावची बस.
जिथून शहराला पाणी जायचं
त्या डोंगराखाली मी राहते
आणि आमच्याकडे टँकर येतो.
जुन्या नळाला म्हणे जागोजागी उच्छ्वास ठेवलेले,
आतली हवा बाहेर जावी म्हणून.
आमच्या पाइपलाइनला तसलं काही नाही.
नळ सोडला की तो नुसताच खोकतो.

सोसायटीची सेक्रेटरी मीच.
कारण काय, तर अक्षर बरं.
सभेचं रजिस्टर कपाटावरून काढलं,
काहीतरी आठवत होतं म्हणून.
ठराव नववा, माझ्याच हातचा:
बी विंगमधील कामवालीने
टँकरच्या पाण्याचे दोन हंडे परस्पर नेल्याचे
निदर्शनास आले. दंड रुपये पाचशे, पगारातून.
पुन्हा असे घडल्यास प्रवेश बंद,
अशी सक्त ताकीद देण्यात आली.

स्वच्छ देवनागरी. शब्दाशब्दांत भरपूर जागा.
एवढ्या जागेत तिचं नाव मावलं नाही.
टँकरवाल्याचं मावलं, फोन नंबरसकट.

सकाळी सातला जिन्यात गाठलं तिला.
विचारलं, तुमचं पूर्ण नाव काय हो?
हातातली पिशवी तिनं छातीशी धरली.
आता काय झालं?
काही नाही. वहीत लिहायचंय.
वैजयंता, म्हणाली. धेंडे. मग थांबली.
कसल्या वहीत?
मी सांगितलं.

त्या चोरीच्या?
ताई, मग माझं नाव कशाला घालता तिथं?
खोडायचंच तर सगळं खोडा की.
आणि झाडू घेऊन वर गेली,
तिसऱ्या मजल्यापर्यंत चप्पल ऐकू येत राहिली.

खोडणं मला शिकवलेलं नाही.
वाळवी लागलेलं अक्षरसुद्धा आम्ही
चौकटी कंसात जपून ठेवतो.
आणि तरी तिचंच खरं वाटत होतं मला.
कोष्ट्याच्या बायकोला तरी
दप्तरात नाव हवं होतं का,
हे कुठं विचारलंय कुणी?

तो दिवस दप्तरात गेले नाही.
एकशेवीस रुपये बुडाले असतील.
रजिस्टर उघडून नवव्या ठरावाच्या समासात
बारीक अक्षरात लिहायला घेतलं:
दंड कोणी केला.
आणि खाली त्या सभेला हजर असलेल्यांची नावं,
आडनावांसह, फ्लॅट नंबरांसह, अठ्ठावीस.
कोण गप्प बसलं होतं तेही,
कारण माझं नाव त्यातच येत होतं.

वैजयंता धेंडे लिहिलं नाही.
पुढंमागं कुणी पानामागे पैसे घेऊन
हे वाचत बसेल, त्याला कळावं
की पाणी कुणी नेलं हा प्रश्न
तेव्हाही चुकीचाच होता.

शाई ओली होती. वाळू कुठून आणू?
वही तशीच पंख्याखाली उघडी ठेवली.