बिनशिक्क्याचं वजन

पिरेयसच्या बंदरात मी शिशाच्या वजनांवर
शिक्के मारतो. एक ठोका, एक डॉल्फिन.
तीस वर्षं झाली. मापात पाप असेल
तर आधी तळहाताला कळतं,
डोळे फार उशिरा कबूल करतात.

त्या शरदात कारियाहून आलेली नाव
धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर फुटली.
हाकेच्या म्हणजे खरंच हाकेच्या.
प्रत्येक हाक ऐकू येत होती.

नावेचा मालक फायनिप्पोस म्हणाला, आधी कौल घ्या.
समुद्राच्या देवानं मागून घेतलेली माणसं
परस्पर ओढून आणायची म्हणजे…
पुजाऱ्यानं मेंढी कापली,
मशालीखाली काळीज उलटंपालटं केलं.
कड फाटलेली होती.
देव नाही म्हणतो.

आम्ही सगळे उभे राहिलो. मीही.

ख्रिसिल्ला, जाळी दुरुस्त करणारी,
देवळाकडे फिरकलीच नव्हती.
माझ्या दुकानाच्या खांबाला तिनं दोरीचं टोक बांधलं,
दुसरं कमरेला,
आणि पाण्यात शिरली.
चार माणसं आणली.
पाचव्याची बोटं निसटली.

पहाटे दुसरी मेंढी. काळीज गुळगुळीत,
तेल लावल्यासारखं. देव हो म्हणतो!
फायनिप्पोसनं स्वतः तिच्या डोक्यावर
ऑलिव्हच्या डहाळ्यांचा मुकुट ठेवला.

माझ्याकडे शिसं वितळवणारा पोरगा, तिबेयोस,
भात्यावरचा हात न थांबवता म्हणाला,
"मालक, रात्री नाही, सकाळी हो.
मग मधल्या वेळात ती दोरी काय होती?
वाळूवर ओली पडल्या पडल्या
पापाची पुण्य झाली?"
मी म्हणालो, शिसं ओत. सांडू नकोस.

दुपारी टेकडीवरच्या देवीची पुजारीण सांगत होती,
आमची देवी रात्रीपासूनच प्रसन्न होती.
म्हणजे एकाच दोरीवर
एका देवाचा राग, दुसरीची माया.
मी शिक्का कुणाचा मारायचा?

रात्री झोप येईना. उठलो,
फुटक्या मडक्याची एक खापरी घेतली,
तिच्यावर मिनाचा डॉल्फिन ठोकला.
सुरेख उमटला, शेपटीसकट.
पारड्यात टाकली तर
समोरचं खरं वजन हललंसुद्धा नाही.

तीस वर्षं मी आधी तोलतो, मग ठोकतो.
उलटं कधीच केलं नाही,
आणि हे त्या रात्रीपर्यंत
माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण थांबा, एवढ्यावर मी सुटत नाही.
मी तोलतो ते नगराच्या कोठारातल्या पितळी वजनाशी.
ते कुणी तोललं?
कोठाराचा रखवालदार म्हणतो, फार जुनं आहे.
हे उत्तर नव्हे. त्याला बिचाऱ्याला ठाऊक आहे.

शेवटी ख्रिसिल्लाला विचारलं,
त्या काळोखात तुला काय दिसलं?
"दिसेल काय? ऐकू येत होतं.
आणि दोरी पुरेशी लांब होती."
देवाला विचारावंसं नाही वाटलं?
तिनं सुईत दोरा ओवला, दातानं तोडला.
"हात मोकळे नव्हते."
देवांवर तिचा राग नाही.
दर अमावास्येला दारात मधाची पोळी ठेवते,
माझ्यापेक्षा मोठी.
मुकुट वाळल्यावर तिनं चुलीत घातला.
छान पेटतो म्हणाली.

चौघं आपापल्या गावी गेले. एकानं अंजीर पाठवले.
पाचव्याचं नाव कुणालाच माहीत नाही.
त्याच्यासाठी तिसरी मेंढी कुणी कापली नाही,
हो ऐकायला नाही, की नाही ऐकायला नाही.

खांबावर दोरीचा वळ अजून आहे.
गिऱ्हाईक नसलं की मी तिथे अंगठा ठेवतो.

आणि एक वजन मी शिक्क्याविना ठेवलंय.
पुरतं एक मिना, रेसभर इकडेतिकडे नाही.
विकता येत नाही, कायद्यानं ते वजनच नव्हे.
समुद्राचा वारा सुटला की
त्यानं दार अडवून धरतो.
अडतं.