तिघऱ्याचा ताळेबंद

समितीचे हिशेब तपासायला गेलो तेव्हा
सुखनंदन बाथमने आधी जाळंच पुढे केलं.
"वही नंतर, बाबूजी. याचं घर बोटांनी मोजा."
दोन बोटंही मावेनात.
नियमात तीन मावतात.

म्हटलं, पिल्लं सोडलीत
तर पुढल्या साली किलोची होतील.
"होतील की," तो म्हणाला,
"ज्याच्या जाळ्यात जातील त्याची."

ठेका एका वर्षाचा.
कटला भरायला दोन वर्षं घेतो,
त्याला निविदा वाचता येत नाही.

किलोमागे मजुरी बत्तीस.
तोच मासा शहरात दोनशे दहा.
मधल्या रकमेला वहीत रकाना नव्हता.
मी पेन्सिलीने एक आखला,
ठेकेदाराचा मुनीम चहा घेऊन आला
तेव्हा खोडला.

बंदीच्या दिवसांत त्याची कुसमा
गावतळ्यात शिंगाड्याचे वेल लावते, कमरेइतक्या पाण्यात.
जाळं खुंटीला असतं,
उधारी मात्र चालूच.

रात्री लष्करात, घरी, नळ सोडला.
तिघऱ्याचंच पाणी.
शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक' लिहून आलो होतो.
बोटांना वास होता.
साबण दोनदा लावला.