कोणत्या रांजणाची पळी

तेलावीत रात्रीचे दोन. अलाझानीच्या खोऱ्यावर
ढग अजून नुसतेच काळे, गारांचे झालेले नाहीत,
आणि पडदा म्हणतो: नम्पाय सापडत नाही.

सापडत नाही कसं?
आत्ताच तर घातलं, तुझ्यासमोर.
'यशस्वीपणे बसवले' ही ओळ अजून वर दिसते आहे,
खोटं बोलून मान खाली घातलेल्या पोरासारखी.

या एका यंत्रात तीन पायथन नांदतात.
दोन-सात ओतारचा. ओतार गेला,
त्याचा दोन-सात अजून गारांच्या चौक्यांना फोन लावतो.
त्याला हात लावू नये असं कुठं लिहिलेलं नाही,
लावत मात्र कोणी नाही.
तीन-सहा रडारचा, रडारबरोबरच आलेला.
तीन-अकरा मीच आणला, मार्चमध्ये, हौसेनं.
तिघांचे पिप वेगळे, आणि तिघांचं नाव पिपच.
हाक मारली की दाराजवळ जो असेल तो ओ देतो.

गुरामला उठवलं. त्याच्या घरी वाइनचे क्वेव्री,
गळ्यापर्यंत मातीत पुरलेले रांजण.
म्हणाला, "आमच्याकडे नुसती पळी कोणी मागत नाही.
साफेरावीची पळी, र्कात्सितेलीची पळी.
काका एकदा नुसतंच 'पळी दे' म्हणाला, आणि..."
आणि?
"आणि झोपू दे मला, नातेला."

म्हणून आधी धन्याचं नाव, आकड्यासकट:
तीन-सहा, तुझ्या पिपला बोलाव.
बसलं. रडारनं ढग काढला,
पोटाशी जांभळा.

मग पोटात गोळा आला. मघाचं ते 'यशस्वी'
कुणाच्या घरात गेलं होतं?

ओतारच्या.
त्याचा जुना नम्पाय बाहेर काढून
माझा नवा ऐटीत बसलेला.
त्याच्या फोल्डरात एक यादी होती, नावं आणि आकडे,
डोक्यावर एक ओळ:
'जे कोणी असाल, बिघडवलंत तर इथून परत लावा.'
चिडलेला नव्हता. त्याला माहीत होतं.

एकेक परत लावलं. दोन-सात, तुझा पिप. दोन-सात, तुझा पिप.
तीन वाजून दहा मिनिटांनी
त्याच्या प्रोग्रॅमनं गुर्जानीच्या चौकीला फोन लावला.
पलीकडून झोपेतला आवाज, सवयीनं:
"ओतार?"

"नातेला," मी म्हटलं. "तेलावीची.
उठा. गारा येताहेत."