एक हात

गावाचं नाव व्हाइटवॉटर. म्हणजे नाव सोनूबाई.
पाणी विचाराल तर टपाल कचेरीच्या नळाला.
इथून उत्तरेला वीसेक मैल गेलं
की मोंटाना संपतं, आणि काहीच बदलत नाही.
तेच गवत, गुडघ्यालाही न पोचणारं,
तोच वारा, कुणी हाक मारल्यासारखा
सारखा मागे वळून बघायला लावणारा.
फक्त एक कुंपण, चार तारांचं.
पलीकडे कॅनडा.

व्हर्ना टॉलफसन खिशातून पक्कड काढते.
वय बहात्तर. सासऱ्याने ठोकलेली तार
ती स्वतः सोडवते आहे.
खालच्या तारेच्या काट्यांत केस अडकलेत,
जाड, पांढरे, आतून पोकळ.
प्राँगहॉर्न उडी मारत नाही, ती सांगते.
पळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही,
पण कुंपण आलं की गुडघे टेकतं
आणि पाठ सोलून घेत खालून जातं.
किंवा जात नाही. बर्फात तसंच उभं राहतं.
"त्या हिवाळ्यात मी सतरा मोजली,"
म्हणाली, आणि तार गुंडाळू लागली.

नवी तार बिनकाट्यांची. जमिनीपासून अठरा इंच.
टेप घरी राहिली.
मी कोपर मातीत टेकवलं, बोटं ताठ केली:
एक हात.
फलटणच्या बाजारात सुतळी अशीच मोजून देत.
व्हर्नाने माझ्या मधल्या बोटाशी तार धरली
आणि पुढच्या सव्वाशे खांबांना
माझंच माप लागलं.

दुपारी पलीकडून गार्नेट पॉलुक आला.
त्याचं कुरण, तिचं कुरण,
दोघांनी कुठल्याच सरकारला न विचारता ठरवलंय:
तिरचिमणीची अंडी आहेत तिथे
ऑगस्टपर्यंत खूर पडू द्यायचा नाही.
अर्धं गवत गाईचं,
अर्धं गवताचं स्वतःचं.

मला पलीकडे जाता येत नाही,
पासपोर्टावर तो शिक्का नाही.
गवत मोजायची चौकट मी पाठमोरी भिरकावते,
नियमच तसा आहे,
ती तारेखाली घसरत जाऊन रेषेवर थांबली.
गार्नेट गुडघ्यांवर बसला, त्याची बाजू मोजली.
मी माझी.
बेरीज कुणाच्या वहीत लिहायची
यावर आम्ही तिघं बराच वेळ हसलो.

मग मी विचारलं, ते तपकिरी चौकोन कसले,
तुझ्या घरामागून थेट आभाळापर्यंत?
"मसूर," तो म्हणाला. "भावाने नांगरलं.
भाव बरा मिळतो. तुमच्याकडेच जाते."

आईच्या स्वयंपाकघरातल्या पोत्यावर
'कॅनडा' छापलेलं असायचं.
त्याच पोत्यावर मी इंग्रजी अक्षरं लावायला शिकले.
लसणाची फोडणी, वर लिंबू.
किती वाट्या, किती वर्षं,
आणि एकेका वाटीखाली
किती गवत.

मोज्यात काहीतरी टोचत होतं. काढून पाहिलं.
कुसळ. शेपटी पिळदार, टोक सुईचं,
माणच्या माळावरच्या कुसळीचं
सख्खं नसलं तरी चुलत.
आपल्या डोळ्यातलं मुसळ
किती एकरांचं असतं,
ते म्हणीत सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरात कॅमेऱ्यात एक मादी आली.
गुडघे टेकलेले, मान लांब,
पाठ आणि तार यांच्यात चांगली चार बोटं जागा,
तरी अंग चोरून घेतलेलं.
तार बदलली, हे तिला कोण सांगणार.

त्याच रात्री गार्नेटचा निरोप:
"सहा पाठवल्यात. मोजून घ्या."

व्हर्ना पहाटे दुर्बीण घेऊन टेकाडावर गेली.
सात होत्या.